खिलजीचा हौज, वसंत कुंजचं पाणी

नव्या सिरी शहराला पाणी मिळावं म्हणून अलाउद्दीन खिलजीनं १३०० च्या सुमारास तलाव खोदवला. गाळ साचला, तेव्हा फिरोजशाह तुघलकानं उपसा करून काठावर मदरसा बांधला. दिल्लीचा हा हौज खास पुढे पार कोरडा पडला. या शतकात भरला, तो वसंत कुंजच्या सांडपाण्यावर. शुद्ध केलेल्या, अर्थात! पूर्वी शहर तलावाचं पाणी प्यायचं, आता शहराचं उष्टं पाणी तलाव पितो. हिरव्या तवंगातून बदकं वाट काढतात. वर कॅफेत 'लेक व्ह्यू' टेबलासाठी रांग, आणि टेबलावर बाटली सीलबंद. वारा फिरला की वेटर लगबगीनं काच ओढतो. दृश्याचे पैसे मात्र बिलात राहतात.