उद्या येताना घेऊन या

मुलीला नर्सिंगला घालताना घरचे लोक फीची चौकशी करतात, हॉस्टेलची करतात, मेसची करतात. क्लिनिकल पोस्टिंगच्या आधी काय काय विकत घ्यावं लागेल, हे कुणी विचारत नाही. विचारायचं असतं हेच माहीत नसतं. कॉलेजला मात्र ते पक्कं माहीत असतं, कारण सामान दरवर्षी तेच लागतं. तरीही दरवर्षी ते तुकड्यातुकड्यांनी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, बहुतेक वेळा रात्री कळवलं जातं. उद्या येताना घेऊन या. माझी तक्रार खर्चाबद्दल कमी आणि या पद्धतीबद्दल जास्त आहे.

मी स्वतः स्टाफ नर्स आहे आणि माझी धाकटी बहीण बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या यादीतली एकेक वस्तू वॉर्डात किती उपयोगी पडते हे मला माहीत आहे, आणि तिचं बिल माझ्याकडेच येतं. म्हणून हे लिहिते आहे.

युनिफॉर्मपासून सुरुवात करू. तो ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा आणि तिथलाच टेलर शिवणार. कुर्त्याला खिसा असतो, पण चार बोटं खोल. त्यात पेन, छोटी डायरी, कात्री आणि चिकटपट्टी मावायला हवी. बेड मेकिंग करताना वाकलं की पेन पलंगाखाली जातं. मग मुली गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंकडून खिसा वाढवून घेतात आणि त्याचे पैसे वेगळे देतात. बुटांचं तसंच. रंग पांढरा हवा एवढं सांगतात, तळ कसा हवा ते सांगत नाहीत. फिनेलने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, आणि मुलीच्या हातात अनेकदा ट्रे असतो. पहिला जोड घेतल्यानंतर महिनाभरात दुसरा घ्यावा लागतो.

घड्याळाचं कुणी नीट समजावून सांगितलं तर निम्मा त्रास वाचेल. नाडी मोजायला सेकंद काटा लागतो, कारण ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात. मोबाइल वॉर्डात चालत नाही. मनगटी घड्याळ हात धुताना आड येतं, म्हणून छातीवर पिनने लावायचं घड्याळ घ्यायचं. त्याची तबकडी उलटी टांगलेली असते, म्हणजे मान खाली घातली की लावणारीला आकडे सरळ दिसतात. एवढं सोपं आहे. पण यादीत नुसतं ‘घड्याळ’ असं लिहिलेलं असतं. मग कुणी मनगटी आणते, कुणी डिजिटल आणते, आणि पहिल्याच दिवशी दोघींना परत बाजारात पाठवलं जातं. वापरलेलं घड्याळ दुकानदार परत घेत नाही.

स्टेथोस्कोपच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. साधा स्टेथोस्कोप काहीशे रुपयांत मिळतो, नामांकित कंपनीचा काही हजारांत जातो. पहिल्या वर्षाच्या मुलीला त्यातून मुख्यतः बीपीचे आवाज आणि हृदयाचे ठोके ऐकायचे असतात. बीपीचे हे आवाज कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये वर्णन केले आणि ते साध्या नळीतूनही नीट ऐकू येतात. इअरपीस कानात घट्ट बसला आणि नळी जाड असली की काम होतं. हे एक वाक्य यादीत लिहिलं, तर वर्गात एकीने महागडा आणला म्हणून दुसरीचे बाबा कर्ज काढून तसलाच आणणार नाहीत. मी असं घडताना पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त खटकते ती कम्युनिटी बॅग. ती गावात घरभेटीला न्यायची असते. साबण, टॉवेल, नेलब्रश, खाली अंथरायला वर्तमानपत्र, थर्मामीटर, ड्रेसिंगचं सामान, आणि लघवीतली साखर तपासायला टेस्ट ट्यूब, चिमटा, स्पिरिट लॅम्प व बेनेडिक्ट सोल्यूशन. ही तपासणी शिकायलाच हवी. पाच मिलिलिटर बेनेडिक्टमध्ये लघवीचे आठ थेंब टाकायचे, तापवायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही, पुढे हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी. एका तपासणीला ५ मिलिलिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० तपासण्या होतात. साठ मुलींच्या वर्गाला एक बाटली पुरून उरेल. तरी प्रत्येकीला स्वतःची बाटली आणायला सांगतात. पोस्टिंग संपल्यावर त्या निळ्या बाटल्या हॉस्टेलच्या कपाटात जवळपास भरलेल्याच पडून असतात. स्पिरिट लॅम्प आणि चिमट्याचंही तेच. या वस्तू कॉलेजने एकदा घेऊन ठेवायच्या आणि बॅगेतून फिरवायच्या आहेत.

आरोग्य शिक्षणाच्या तक्त्यांबद्दल बोलायलाच हवं. हेल्थ टॉक पंधरा मिनिटांचा असतो. त्यासाठी कार्डशीट, स्केचपेन, कटआउट, फ्लिपचार्ट, लॅमिनेशन, सगळं नवीन लागतं. मागच्या वर्षीच्या ताईचा ओआरएसचा सुंदर तक्ता तयार असतो. ओआरएस बनवण्याची पद्धत वर्षभरात बदललेली नसते. पण जुना तक्ता चालत नाही, मार्क मिळत नाहीत. शिकायचं आहे ते बाळंतिणीशी, आजीशी, दारू पिणाऱ्या दादाशी कसं बोलायचं ते. मुलीची रात्र मात्र अक्षरं रंगवण्यात जाते. केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग फाइल आणि छापील रेकॉर्ड बुकं यांचा खर्च वेगळाच. रेकॉर्ड बुकं कॉलेजच्याच काउंटरवर, छापील किमतीला घ्यायची.

एक गोष्ट अशी आहे की ती आयत्या वेळी पैसे देऊनही मिळत नाही. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांत घ्यायची असते. वॉर्डात सुई टोचण्याचा धोका पहिल्या आठवड्यापासून असतो. पोस्टिंगला आठ दिवस राहिले असताना ‘लसीकरण कार्ड आणा’ असा निरोप येतो, तेव्हा मुलीला एखादाच डोस मिळू शकतो. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं. इथे प्रश्न फक्त खिशाचा राहत नाही.

मग प्रवासाचं. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मुलींना तिकडे जाऊन राहावं लागतं. खोलीचं भाडं, एसटीचं तिकीट, तिथलं जेवण असा खर्च होतो आणि इकडच्या मेसचे पैसे चालूच राहतात. ही पोस्टिंग कितव्या वर्षी येणार हे अभ्यासक्रमात ठरलेलं असतं. पालकांना मात्र ती निघण्याच्या सुमारास कळते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. चांगला निर्णय आहे, त्यामुळे कितीतरी मुली शिकू लागल्या. पण बूट, बॅग, रेकॉर्ड आणि भाडं हे शुल्कात मोडत नाही. ज्या घरात हप्त्याहप्त्याने पैसा येतो, तिथे पाचशे रुपये देणं जमतं. रात्री दहाला कळून सकाळी आठला पाचशे देणं जमत नाही. मग मुलगी मैत्रिणीकडून उसने घेते, किंवा वस्तू न नेता वॉर्डाबाहेर उभी राहते. तिच्या हजेरीत ते तास कमी भरतात आणि पुढे भरून काढावे लागतात.

उपाय एका कागदात मावतो. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलीच्या हातात पूर्ण कोर्सची यादी द्या. कोणती वस्तू, कोणत्या महिन्यात, साधारण किती रुपयांना, कोणत्या प्रकारची. कोणती स्वतःची हवी, कोणती दोघींत चालेल, कोणती कॉलेज देईल. जुनी चालेल का, तेही लिहा. वरच्या वर्गाच्या मुलींची घड्याळं, बॅगा आणि पुस्तकं खालच्या वर्गाला देण्यासाठी ग्रंथालयात एक कपाट ठेवा. यादीतली नसलेली वस्तू मागायची असेल तर किमान पंधरा दिवस आधी सांगा. औषध वेळेवर द्यायचं हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. शिकवणाऱ्यांनी यादीही वेळेवर द्यावी.