दरवर्षी एक ग्रेड देणाऱ्या सरांना

सर,


तुमच्या पियानो क्लासबाहेरचा फ्लेक्स पाहिला. प्रमाणपत्रं धरून उभी असलेली मुलं, प्रत्येकाच्या नावापुढे ग्रेड, आणि खाली ठळक अक्षरांत ‘दरवर्षी एक ग्रेड, हमखास’. हमी मिक्सरची देतात, सर. आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांची हमी द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

त्या फ्लेक्सवरची एक मुलगी आता माझ्याकडे शिकते. तिसरी ग्रेड, मेरिट. पहिल्या दिवशी तिने परीक्षेचे तिन्ही पीस न बघता, बिनचूक वाजवले. मग मी पहिल्या ग्रेडच्याही खालची, पाच सुरांत बसणारी एक धून तिच्यापुढे ठेवली. ती कागदाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “टीचर, आधी तुम्ही वाजवून दाखवा ना.” मी तिचं ग्रेडचं पुस्तक चाळलं. त्यात नऊ पीस आहेत. तीन पिसांची पानं हाताळून मऊ पडलेली, प्रत्येक नोटवर बोटाचा आकडा, खाली तुमच्या अक्षरात सी, ई, जी. उरलेल्या सहांची पानं कोरी करकरीत. अख्ख्या वर्षात तीन पीस! या वयात वर्षाला पंचवीस-तीस छोट्या रचना हाताखालून जायला हव्यात. त्यातल्या निम्म्या कच्च्या राहिल्या तरी चालेल, पण मुलाला वाचता येऊ लागतं.

आणि तरीही मेरिट कसं मिळतं, हे पालकांना एकदा मांडून दाखवा. एबीआरएसएम या ब्रिटिश बोर्डाच्या समोरासमोरच्या परीक्षेत 150 गुण असतात: तीन पिसांचे 90, स्केल्सचे 21, साइट रीडिंगचे, म्हणजे न पाहिलेलं वाचून वाजवण्याचे 21, ऑरलचे, म्हणजे ऐकून ओळखण्याचे 18. पास व्हायला 100 लागतात, मेरिटला 120. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही. पिसांत 84, स्केल्समध्ये 19, ऑरलला 11 आणि साइट रीडिंगला अवघे 8 मिळाले, तरी बेरीज 122 होते. यात परीक्षेचा दोष नाही. परीक्षक त्या आठ गुणांशेजारी शेराही लिहितात. तुम्ही गुणपत्रिकेतली बेरीज तेवढी वाचलीत आणि पुढच्या ग्रेडचा फॉर्म भरलात.

‘एक वर्ष चुकलं तर मूल मागे पडेल’ असं तुम्ही तिच्या आईला सांगितलंत. कुणाच्या मागे? बोर्डाने वयाची अट घातलेली नाही. प्रत्येक ग्रेड ओळीने द्यायलाच हवी, असंही नाही. सहावीपासून पुढे मात्र आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. परदेशी प्रवेशाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशाचे यूकासचे गुण सहावी ते आठवी ग्रेडला आहेत. पहिली-दुसरीची घाई करून त्यात काडीचा फरक पडत नाही.

मला सगळ्यात जास्त राग कीबोर्डचा आला. तिच्या घरी 61 हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड, तुमच्या क्लासमध्येही तसाच. खऱ्या पियानोची जड पट्टी तिने पहिल्यांदा दाबली ती परीक्षेच्या खोलीत. “माझा आवाजच येईना, मला वाटलं मी चुकतेय,” असं ती सांगत होती. बोटाच्या वजनावर सूर हळू किंवा मोठा होतो, हे त्या लेकराला परीक्षकासमोर कळावं?

परीक्षा मला नको आहे असं नाही. जमू लागलेलं काम परक्या माणसासमोर नीट करून दाखवणं मुलांना आवडतं, त्यातून ती धीट होतात. पण ज्या ग्रेडला बसवायचं, तिच्या खालच्या ग्रेडची न पाहिलेली रचना मूल अडखळत का होईना वाजवू शकलं पाहिजे. पुस्तकातले पाच-सहा पीस शिकून झाल्यावर ‘मला हे तीन आवडतात’ असं त्यानेच म्हटलं पाहिजे. कुणाला त्यासाठी एक वर्ष लागेल, कुणाला तीन. मधल्या काळात त्याला मनाला येईल ते वाजवू द्या, सिनेमातलं गाणं कानाने बसवू द्या.

तिचा धाकटा भाऊ अजून तुमच्याकडेच येतो. त्याचा पहिल्या ग्रेडचा फॉर्म तुमच्या टेबलावर आहे, असं त्याची आई म्हणाली. फॉर्मची मुदत उलटू द्या. आणि त्याला आधी एका खऱ्या पियानोसमोर बसवा.

आपली,
एक पियानो शिक्षिका