जुना कॉक बदलण्याचा सशास्त्र विधी

चाळीस वर्षांच्या इमारतीत बाथरूमच्या भिंतीवर, वरच्या अंगाला, एक चाकवाला पितळी कॉक हमखास असतो. दुकानातल्या पावतीवर तो गेट व्हॉल्व्ह, प्लंबरच्या तोंडी ‘गेट वॉल’. दर खेपेला रंगाऱ्याचा ब्रश त्याच्यावरूनही फिरल्याने घराला आजवर कोणकोणते रंग लागले, याची नोंद एकट्या त्याच्यापाशी सापडते. तो गळू लागला की पुढील विधी करावा.

मुहूर्त शनिवार सकाळचा. रविवारी हार्डवेअरचे दुकान बहुधा बंद. पुण्यात गुरुवारही वर्ज्य, कारण देखभालीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक वेळा त्याच वारी.

साहित्य: दोन पाइप पान्हे, टेफ्लॉन टेप, बादली, फडकी आणि अर्धा इंची बॉल वॉल. हा अर्धा इंच मनावर घेऊ नये. ‘अर्धा इंची’ पाइप बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त भरतो. आतूनही तो अर्ध्या इंचाहून मोठाच असतो. काळे आडनावाचा माणूस गोरा असावा, तसेच हे.

आता कृती. प्रथम वरून पाणी बंद करावे.

खरा विधी इथेच सुरू होतो. गच्चीवर टाकीखाली कॉकांची रांग असते. कोणता कुणाचा, हे ज्यांना ठाऊक होते ते फ्लॅट विकून गेलेले असतात. एकेक बंद करून पाहावा. खालून ज्याची आरोळी येईल, त्याचा तो. शेवटी आपला सापडतो आणि फिरतोही, पण पाणी थांबत नाही. गेट वॉलमध्ये पितळी पाचर खाचेत उतरून पाणी अडवते. खाचेत क्षार साचले की ती पुरती टेकत नाही, आणि वर्षानुवर्षे अर्धवट उघडी राहिली तर वाहत्या पाण्याने तिची कडही झिजते. जोर लावल्यास दांडा तुटतो. मग हाही कॉक बदलणे आले, त्यासाठी टाकी रिकामी करणे आले, आणि त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटणे आले.

टाकी रिकामी झाल्यावर बाथरूममधल्या कॉकाजवळचे युनियन सोडवावे. एका पान्ह्याने पाइप धरावा, दुसऱ्याने कॉक फिरवावा. पहिला पान्हा वाचवणाऱ्याचा पाइप भिंतीच्या आत फिरतो आणि एल्बोपाशी तुटतो. जीआय पाइपाला आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो, म्हणून गंज तिथेच आधी लागतो. त्यावरच्या टाइलचे डिझाइन बाजारातून कधीच गेलेले असते.

टेप आट्यांवर घट्ट होण्याच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर कॉक बसवतानाच ती सुटून येते. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट शीतकाच्या वायूवर काम करत होते आणि सिलिंडरमध्ये निघाली पांढरी भुकटी. तेच टेफ्लॉन. करायला गेलो एक आणि झाले भलतेच, ही परंपरा साहित्यातूनच येते.

नवा बॉल वॉल पाव फेऱ्यात चालतो: दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. क्षार बसून तोही आखडू नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा बंद करून उघडावा. दिवाळीआधी रंगारी येईल, तेव्हा कॉकाला कागद गुंडाळायला सांगावे. तो ‘हो’ म्हणेल.