दीडशहाणे

खारघर स्टेशनवर सकाळी पनवेलकडे, म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीत घाईघाईने चढणारा माणूस वाट चुकलेला नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो जागा पकडायला चाललेला असतो. मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल अशी तीन स्टेशनं मागे जायचं, गाडी फिरली की त्याच बाकावर बसून सीएसएमटी गाठायचं. बाकीचे हे खिडकीसाठी करतात. आमचे कानसेन विद्येसाठी करतात. पासही त्यांनी पनवेलपासूनचा काढला आहे. ज्ञान विनातिकीट घेऊ नये असं ते म्हणतात.

कानसेन हे त्यांचं आडनाव नव्हे, सोसायटीने दिलेली पदवी आहे. बाकावर टेकले की ते कानांत दोन पांढरी बोंडं खोचतात, फोनवर वेग दीडपट करतात आणि डोळे मिटतात. हार्बरला फास्ट गाडी नाही याबद्दल आम्ही रेल्वेला शिव्या घालतो. कानसेन मनातून तिचे आभारी आहेत. पनवेल ते सीएसएमटी ४९ किलोमीटर, सुमारे ऐंशी मिनिटं, प्रत्येक स्टेशनाला थांबत. एवढा सलग तास आम्हाला शाळेतही कुणी दिला नव्हता. अमित वर्मांच्या ‘द सीन अँड द अनसीन’चे भाग कधीकधी पाच-सहा तासांचे असतात. असा सहा तासांचा भाग सोमवारी सकाळी पनवेलला लावला, तर दीडपटीने तो मंगळवारी सकाळी सीएसएमटीला बरोबर संपतो, हा हिशेब कानसेनांनी मला कागदावर मांडून दाखवला आहे. बीबीसी मराठीचं ‘तीन गोष्टी’ ते नुसतं तोंडी लावायला घेतात.

पण सगळेच भाग असे गाडीच्या मापाने शिवलेले नसतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. कानसेनांना जगातल्या बहुतेक विषयांची माहिती आहे, फक्त ती स्टेशन आलं की थांबते. रोमन साम्राज्य त्यांना गोवंडीपर्यंत येतं, चलनवाढ चुनाभट्टीपर्यंत. गेल्या संक्रांतीला तिळगूळ वाटताना सोसायटीत पानिपताचा विषय निघाला. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी काय कहर केला, रोहिल्यांची फळी कशी फुटली, हे कानसेनांनी असं रंगवून सांगितलं की वॉचमनही गेट सोडून आत आला. मग दुपारचं काय, असं कुणीतरी विचारलं. कानसेन गप्प. त्यांचा भाग सकाळीच, मशीद बंदर गेल्यावर संपला होता. म्हणजे गाडी संपली होती. संध्याकाळी परतताना त्यांनी आहारशास्त्र लावलं. कानसेनांच्या पानिपतात मराठे अजून जिंकताहेत. खरं सांगायचं तर ते ऐकताना मला बरं वाटलं होतं.

आहारशास्त्र काय किंवा आरोग्य काय, त्याचे परिणाम घरच्यांना भोगावे लागतात. उठल्याबरोबर डोळ्यांवर ऊन घ्यावं असं एका परदेशी प्राध्यापकाने कानात सांगितल्यापासून ते पार्किंगमध्ये पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. दूधवाला त्यांना नमस्कार करून पुढे जातो. माणूस शिकलेलं किती वेगाने विसरतो हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांतली निम्म्याहून अधिक तासाभरातच उडतात. हे सांगणारा भाग कानसेनांनी दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा त्यांना तो अगदी नवा वाटला.

दीडपटीची सवय मात्र वाईट. एकपटीने बोलणारी माणसं त्यांना आता सोसत नाहीत. बँकेतल्या बाई केवायसी समजावू लागल्या की हे ‘हं, हं, पुढे’ करतात. आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी चौथ्या अध्यायात जरा रेंगाळले, तेव्हा कानसेनांचा अंगठा मांडीवर डावीकडून उजवीकडे सरकताना मी स्वतः पाहिला. पंधरा सेकंद पुढे, पंधरा सेकंद पुढे. साधुवाण्याची नाव काही हलली नाही.

डब्यात त्यांचं कुणाशी वैर नाही, तसं मैत्रही नाही. पूर्वीच्या डब्यात भजनी मंडळ होतं, टाळांसकट. गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून रमीही चाले. कानसेन डबा बदलून पुढे गेले. एकदा वाशी सोडून गाडी खाडीपुलावर आली तेव्हा त्यांच्या कानात फ्लेमिंगोंचा भाग चालू होता: हे पक्षी जन्मतः करडे असतात, शेवाळ आणि कोळंबीसारख्या खाद्यातल्या रंगद्रव्याने गुलाबी होतात, ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला वगैरे. शेजारच्याने कोपराने ढोसलं, ‘साहेब, बघा, बघा.’ कानसेनांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. दोन मिनिटं थांबा, या अर्थाने. फ्लेमिंगो थांबले असतील. गाडी मानखुर्दला पोचली.

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ठाण्याला नोकरी करतात आणि ट्रान्स-हार्बरने जातात. त्या काहीच ऐकत नाहीत, म्हणजे कानात काही घालत नाहीत. लेडीज डब्यात मेथी निवडता निवडता त्यांना अकरावीचे कटऑफ, ऐरोलीतल्या कुठल्या कंपनीत भरती चालू आहे, गुडघ्याचा चांगला डॉक्टर कोण आणि वाईट कोण, एवढं सगळं कळतं. शिवाय मेथी निवडून होते. आणि शंका आली तर बोलणारीला तिथल्या तिथे अडवता येतं. कानसेनांच्या मते ही माहिती आहे, ज्ञान नव्हे. घर मात्र माहितीवर चालतं.

तसं पाहिलं तर कानसेनांच्या विद्येचं मूळ सिडकोच्या नियोजनात आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, ती माणसांनी घराजवळ नोकरी करावी म्हणून. १९७० मध्ये सिडको आली. घरं झाली. मंत्रालय काही नरिमन पॉइंट सोडून आलं नाही, मुंबईतली ऑफिसंही जागची हलेनात. १९९२ मध्ये रेल्वे मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली, पुढे १९९८ पर्यंत पनवेलला पोचली, आणि इकडची माणसं रोज सकाळी तिकडे जाऊ लागली. नियोजन फसलं नसतं तर कानसेन अडाणी राहिले असते.

आणि आता, साठ वर्षांनी, ते एका घरापुरतं साधलं. कानसेनांची कंपनी फोर्टहून बेलापूरला आली. खारघरहून पुढचंच स्टेशन! सोसायटीने पेढे मागितले. कानसेनांचा चेहरा बढती हुकल्यासारखा. पहिल्या दिवशी बाकावर नीट टेकेतो बेलापूर आलं. कानात अजून प्रायोजकाच्या गादीची जाहिरातच चालली होती. मेट्रोचाही विचार त्यांनी केला, पण बेलापूर ते पेंधर अवघे अकरा किलोमीटर, त्यात ती वेळेवर पोचते. घरी बसून ऐका म्हटलं तर घरी त्यांना ऐकू येत नाही.

शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, ‘माझ्याबरोबर ठाण्यापर्यंत चला आणि तिथून फिरून बेलापूरला या.’

टोमणा होता. कानसेनांनी सोमवारी ठाण्याचा पास काढला. बंगालचा दुष्काळ अर्धा झाला तेव्हा ते ऑफिसात पोचले. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं.

‘हार्बरचा गोंधळ,’ कानसेन म्हणाले.

साहेबही खारघरचेच आहेत.