पुरून उरणारे

थंड हवेच्या देशांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, बागेची हौस असलेल्या माणसाच्या वर्षाचे दोन भाग पडतात: पहिला, कंद पुरण्याचा, आणि दुसरा, ते नेमके कुठे पुरले होते हे आठवण्याचा. यांपैकी पहिला सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढाच टिकतो.

येथे कंद हा शब्द जरा सैलपणे वापरला आहे. ट्यूलिप, स्नोड्रॉप आणि नार्सिसस (ज्याला बोलण्यात सर्रास डॅफोडिल म्हटले जाते) यांचा कंद म्हणजे कांद्यासारखा, मांसल पापुद्र्यांचा गड्डा असून त्याच्या तळाची कठीण चकती हे त्याचे आखडलेले खोड असते. क्रोकसचा घनकंद मात्र पापुद्र्यांवाचूनचे, भरीव, फुगलेले खोडच असते. या सर्वांना काटक म्हणतात, कारण ते उघड्या जमिनीत गोठवणारा हिवाळा सोसतात; खरे तर सोसतात असे म्हणणेही अपुरे आहे, कारण ट्यूलिपला तीनेक महिने सलग गारठा मिळाला नाही, तर त्याचा दांडा नीट वाढतच नाही आणि फूल पानांच्या बेचक्यात अवघडून बसते. पुण्यातील काही उत्साही मंडळी यावर उपाय म्हणून कंदांना फ्रिजमध्ये हिवाळा घडवतात. मात्र तेथे शेजारी सफरचंदे असतील, तर पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदाच्या पोटातील कळी करपते, आणि सफरचंदे नसतील, तर घरातील दुसरे कोणीतरी तो कंद पोह्यांसाठी चिरायला घेण्याची शक्यता उरते.

ही शक्यता काल्पनिक नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने, ज्याने पुढे १५९३ मध्ये लायडन विद्यापीठाच्या बागेत ट्यूलिप रुजवले, अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याची हकिकत नोंदवून ठेवली आहे: कॉन्स्टँटिनोपलहून कापडासोबत आलेले ट्यूलिपचे कंद कांदेच समजून त्याने काही भाजून तेल आणि व्हिनेगर लावून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीच्या रांगेत लावले. ट्यूलिपच्या डच सट्ट्याची कथा अर्थशास्त्राच्या मंडळींनी इतकी दळली आहे की तिचे पीठही आता उरलेले नाही. पण या व्यापाऱ्याकडे कोणी फारसे पाहत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण समोरची वस्तू कांद्यासारखी दिसते म्हणून ती कांदाच मानण्याचा सरळपणा त्याच्यानंतर या क्षेत्रात फारसा आढळत नाही. (नार्सिससच्या बाबतीत मात्र हा सरळपणा कोणी दाखवू नये, तो कंद विषारी असतो.)

शरदात विकत आणलेल्या कंदात पुढच्या वसंताचे फूल सूक्ष्म रूपात आधीच तयार झालेले असते. याचा अर्थ असा, की बागवान ज्या फुलाचे श्रेय एप्रिलमध्ये घेतो, ते दुकानातून पूर्ण होऊनच आलेले असते आणि त्याची स्वतःची भूमिका लग्नात छातीवर बिल्ला लावून हिंडणाऱ्या मामासारखी असते, ज्याच्यावाचून काही अडत नाही, पण ज्याला तसे सांगण्याची कोणाची हिंमत होत नाही. कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल खड्डा घ्यावा आणि शेंडा वर ठेवावा, असा नियम आहे. बागवान गुडघे चिखलात रोवून, पट्टीने मोजून तो पाळतो. तरीही एखादा कंद उलटा पडला, तर त्याचा कोंब मुकाट्याने वळसा घेऊन वर येतो, आणि क्रोकस उथळ लावला गेला, तर त्याची आकुंचन पावणारी मुळे त्याला हळूहळू खाली ओढून घेतात. जुना हेडक्लार्क नव्या साहेबाचा मसुदा जसा न बोलता दुरुस्त करतो, तशीच ही पद्धत आहे.

लागवडीचा खरा जाणकार कुंपणावर बसलेला असतो. उत्तर अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात हौसेने आणून सोडलेली करडी खार ट्यूलिप आणि क्रोकस आवडीने उकरते, विषारी नार्सिससला सोडून देते आणि ही निवड करताना कोणत्याही पुस्तकाचा आधार घेत नाही. तिच्यासाठी मातीवर तारेची जाळी अंथरावी लागते. खारीच्या तावडीतून वाचलेल्या क्रोकसची फुले चिमण्या कुरतडतात.

फुले ओसरल्यानंतर बागवानाच्या संयमाची परीक्षा सुरू होते. पुढच्या वर्षीचे अन्न हिरव्या पानांत तयार होऊन कंदात साठत असल्याने फुलोऱ्यानंतर किमान सहा आठवडे पाने कापू नयेत, असे तज्ज्ञ सांगतात. पण लोळणारी, पिवळटणारी पाने शिस्तप्रिय मनाला पाहवत नाहीत, म्हणून काही घरांत नार्सिससच्या पानांच्या वेण्या घालून त्यांवर रबर चढवले जाते, ज्यामुळे बाग शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी टापटीप दिसते आणि कंद उपाशी राहतो. काहीही न करणे हे येथले सर्वांत अवघड कौशल्य आहे.

या जमातीतील सर्वांत पुढे गेलेल्यांना गॅलँथोफाइल म्हणतात. गॅलँथस हे स्नोड्रॉपचे शास्त्रीय नाव असून, त्याच्या पाकळीवरील हिरवा ठिपका एक आहे की दोन, हे पाहण्यासाठी फेब्रुवारीच्या चिखलात पालथे पडणारे लोक या संज्ञेत मोडतात. २०२२ मध्ये अशा एका दुर्मीळ कंदाला लिलावात १,८५० पौंड मोजले गेले. इतका मोलाचा कंद वाढवण्याची रीत बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवणारी असते: निर्जंतुक केलेल्या पात्याने त्याच्या उभ्या फाका केल्या जातात, प्रत्येक फाकेला तळाच्या चकतीचा तुकडा राहील याची दक्षता घेतली जाते, आणि त्या दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये काही आठवडे अंधारात ठेवल्या की प्रत्येकीच्या बुडाशी इवलासा नवा कंद धरतो. या क्रियेला चिपिंग म्हणतात. सामान्य बागवानाला या संज्ञेचा मोठा आधार वाटतो, कारण पुढच्या नोव्हेंबरमध्ये, गेल्या वर्षीच्या खुणेच्या पाट्या पावसाने पुसल्या गेल्यावर, त्याचे फावडे हमखास जुन्याच कंदांच्या मधोमध उतरते, आणि कुंपणापलीकडून शेजारी डोकावलाच, तर हातातील दोन अर्धकांकडे गंभीरपणे पाहत आपण चिपिंग करत आहोत, असे त्याला सांगता येते.