फॉरमॅट मारण्याआधी

“फॉरमॅट मारावं लागंल.” कॉम्प्युटर बंद पडला की आपल्याकडे निदानाच्या आधी औषध सांगतात. आमच्या बाळापुरातल्या घरी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढी एकच पांढरी ओळ उमटली, आणि आत काय काय होतं ते घरातल्या प्रत्येकाला त्याच क्षणी आठवलं. हळदीच्या पट्ट्यांचा हिशेब, स्कॅन केलेले सातबारे, बारशाचे फोटो. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून फोटो इकडे ‘हलवले’ होते. हलवले, म्हणजे तिकडून गेले. हलवणं म्हणजेच बॅकअप, असं समजणारी घरं तालुक्यात बरीच निघतील.

नांदेडहून भाचा आला. खिशात पेनड्राइव्ह. यंत्राकडे बघून म्हणाला, “मामा, विंडोज मेलंय. फायली जित्या हायेत.”

घर शाबूत, नुसतं कुलूप बिघडलेलं. एवढाच प्रकार होता. क्लाउस नॉपर नावाच्या जर्मन माणसानं २००० साली नॉपिक्स काढलं. एका सीडीवर आख्खं लिनक्स. हार्ड डिस्कला हात न लावता ते मेमरीत चालतं. आता सीडीची जागा पेनड्राइव्हनं घेतलीय. भाच्यानं मशीन चालू करताना एफ-बारा दाबलं, यादीतून पेनड्राइव्ह निवडला, आणि अनोळखी पडद्याच्या कोपऱ्यात आमची डिस्क दिसू लागली. ती त्यानं फक्त वाचण्यापुरती उघडली. एखादी फाइल पुसली गेली असेल तर तिच्या जागेवर नवं काही लिहिलं की ती कायमची जाते, म्हणून. ‘हळद’ हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरायला लागला आणि लाइट गेली. पुढची मिनिटं यूपीएस टीटी करत होता आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फॉरमॅट त्यानंतर मारलं, सुखानं मारलं.

ती बाहेरची डिस्क मग कॉम्प्युटरच्या टेबलाखालीच ठेवायची ठरली. भाच्यानं विचारलं, “अन् भूकंप?” प्रश्न पुस्तकी नव्हता. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, त्याचं केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात होतं. लोक लेकरं घेऊन रस्त्यावर आले. हार्ड डिस्क घेऊन आलेला माणूस निदान आमच्या गल्लीत तरी नव्हता. प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक गावाबाहेर, असा जाणकारांचा नियम. गावाबाहेर म्हणून नांदेड सुचलं. पण त्या सकाळी नांदेडही हाललं होतं. शेवटी एक प्रत पुण्याला गेली.

गेलेलं परत उभं करण्याचा खटाटोप मराठीला नवा नाही. म्हाइंभटांनी जमवलेलं ‘लीळाचरित्र’ खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीसं झालं, आणि हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ते पुन्हा लिहून काढलं, असं महानुभाव परंपरा सांगते. पुढं त्याचे पाठ अनेक झाले, आणि अभ्यासकांना जन्माचं काम मिळालं. आमच्याकडेही आता ‘हळद हिशेब’, ‘हळद हिशेब नवा’ आणि ‘हळद हिशेब नवा खरा’ अशा तीन फायली नांदतात. तिन्हींत शिलकीचा आकडा वेगळा. ज्या फाइलीत तो सर्वांत मोठा आहे, तिला घरात मूळ संहिता मानतात.