पोरीचा सूर आणि सोफ्यावरचे परीक्षक

गेल्या गुरुवारी रात्री साडेआठला आमच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं होती. आत्या आली होती, शेजारच्या काकू भाजी निवडायला इकडेच येऊन बसल्या होत्या, आणि टीव्हीवर नेहमीची मालिका चालू होती. प्रसंग असा : आजी अंथरुणाला खिळलेली, बोलत नाही, आणि नात तिच्या उशाशी बसून अभंग म्हणते. पोरगी आठ-नऊ वर्षांची. मागे पेटी नाही, तबला नाही, नुसता आवाज. दुसऱ्या ओळीत शब्दाच्या मधेच तिचा श्वास संपला. परत घेताना खांदे वर गेले. वरच्या षड्जाला आवाज थरथरला आणि किंचित खालीच राहिला. आजीच्या हातावरची नजर मात्र तिने एकदाही हलवली नाही.

माझ्या अंगावर काटा आला.

"बेसूर आहे गं ही," सोफ्यावरून पहिला निकाल लागला. "एवढे पैसे ओततात, एक धड गाणारी पोर मिळाली नाही?" हा दुसरा. "आवाज बंद कर जरा, गाणं संपलं की लाव." हा तिसरा. गाणं अजून संपलंही नव्हतं.

माझी नऊ वर्षांची भाची चिऊ खाली मांडी घालून बसली होती. तो अभंग तिच्या शाळेत पाठ करून घेतला आहे, म्हणून ती पडद्यावरच्या मुलीबरोबर हळू आवाजात म्हणत होती. 'बेसूर' हा शब्द आला आणि तिचे ओठ मिटले. शेंगदाण्याची वाटी पुढे ओढून ती एकेक दाणा सोलत बसली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही आपली जुनी खोड. मोठ्यांच्या बाबतीत ती एक वेळ चालून जाते. पोरांच्या बाबतीत चालवून घ्यायची माझी तयारी नाही.

पडद्यावरची ती मुलगी गायिका नव्हती. ती नात होती. आजी उठणार की नाही, हे तिला कळत नव्हतं, आणि हातात दुसरं काही नव्हतं म्हणून ती गात होती. अशा वेळी आठ वर्षांच्या पोरीचा सूर हलणार नाही तर काय होईल? तो हलला म्हणूनच प्रसंग खरा झाला. तिथे तिने खटका, मुरकी, तान घेतली असती तर तो प्रसंग जागीच मेला असता. आणि असे मेलेले प्रसंग आपण रोज बघतो. पोराचे ओठ हलतात, आणि आतून तालीम घेतलेला, घोटीव, घुमणारा आवाज येतो. आजारी माणसाच्या खोलीत कुठूनशी बासरी वाजते. तेव्हा सोफ्यावरून कोणी तक्रार करत नाही. तेव्हा सगळे म्हणतात, किती गोड!

ते गोडपण येतं कुठून, तेही बघू. मालिकेतलं गाणं बहुतेक वेळा आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं. सेटवर ते स्पीकरवर लावतात आणि पोर त्यावर ओठ हलवतं. आवाज दुसऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलीचा असतो, कधी पंचवीस वर्षांच्या बाईचा. गाणं तुकड्या-तुकड्यांत घेतात, आणि जिथे सूर उतरला असेल तिथे संगणकावर तो जागेवर बसवतात. यात फसवणूक नाही, ही त्या धंद्यातली नेहमीची रीत आहे आणि त्यालाही कसब लागतं. पण त्या आवाजाशी एखाद्या पोराच्या स्वतःच्या, तिथल्या तिथे निघालेल्या आवाजाची तुलना करणं अन्यायाचं आहे.

आपला कान असा झाला कसा? एकदम झालेला नाही. १९५३ साली 'देवबाप्पा' चित्रपट आला. त्यात पडद्यावर एक चिमुरडी आणि आवाज आशा भोसल्यांचा. 'नाच रे मोरा' हे गदिमांचं गाणं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. आशाताई तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि एका मुलाच्या आई होत्या. गाणं इतकं अप्रतिम आहे की सत्तर वर्षं झाली, अजून प्रत्येक बालवाडीत त्यावर पोरं नाचतात. पण त्याचा एक परिणाम झाला : लहान मुलाचा आवाज म्हणून जो आपल्या डोक्यात बसला, तो मोठ्या माणसाने काढलेला होता. श्वास पुरेसा, सूर पक्का, आणि वर लाडिकपणाची साखर.

खऱ्या पोरांचे आवाजही आपण ऐकले आहेत. सुषमा श्रेष्ठने १९७१ च्या 'अंदाज'मध्ये गायलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. संगीतकार मीना खडीकरांनी तर आपल्याच मुलांना गायला लावलं. चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं आजही लावून बघा. उच्चार पोरांचे, श्वास पोरांचे, शब्दाच्या शेवटी आवाज जरासा निसटतो तोही पोरांचाच. त्यात मोठ्या माणसाचं नाटक नाही, म्हणून ते अजून ताजं आहे. तीच गाणी तोंडपाठ करून मोठे झालेले लोक आज मालिकेतल्या मुलीला नाकं मुरडतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग टीव्हीवर 'लिटिल चॅम्प्स' ही मुलांची गाण्याची स्पर्धा आली. २००८-०९ चा तो हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित. सोमवारी-मंगळवारी महाराष्ट्र टीव्हीसमोर बसायचा. मीही बसायचे, मीही रडले, आणि अंतिम फेरीला आळंदीची कार्तिकी जिंकली तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले. त्या पाच मुलांचा यात काही दोष नाही. पण ती हजारोंमधून निवडलेली पोरं होती. घरात गाणं होतं, गुरू होते, मागे पूर्ण वाद्यवृंद होता, आणि ती उभी होती तीच मुळी स्पर्धेला. २०२१ मध्ये तीच पाच जणं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसली. तयारी तेवढी दांडगी होती. आपण मात्र त्यांना नियम मानलं. तेव्हापासून गाणारं प्रत्येक पोर आपल्याला स्पर्धक दिसायला लागलं, मग ते मालिकेत असो, गणपतीच्या मंडपात असो, की मामाच्या घरी.

गाण्याच्या क्लासची एक गोष्ट सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची फुप्फुसं लहान, स्वरतंतू आखूड आणि कोवळे. लांबलचक ओळ त्याला एका दमात पेलत नाही. पट्टी चुकीची धरली तर वर गळ्याच्या शिरा ताणल्या जातात आणि खाली नुसती हवा येते. मुलांना शिकवणारी कुठलीही बाई पहिल्यांदा पट्टी बघते, मग गाणं निवडते. मालिकेतली पोर वरच्या सा ला अडखळली, तर पहिला प्रश्न पोरीला नव्हे, मोठ्यांना विचारायचा : तिच्या गळ्याची पट्टी कोणी पाहिली होती का? श्वास घ्यायला जागा ठेवली होती का? हा त्या रात्रीचा कितवा टेक होता?

कायद्याला हे कळलं आहे. बालकामगार कायद्याच्या नियमांत २०१७ साली बालकलाकारांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायचा. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कामाला लावायचं नाही. रोजच्या मालिकेचा रोजचा भाग कसा भरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नियमांची गरज समजावून सांगावी लागत नाही. प्रेक्षकाला राग काढायचाच असेल तर तो इथे काढावा. हे नियम पाळता का, असं वाहिनीला विचारावं. त्या प्रश्नाने एखाद्या पोराची झोप तरी वाचेल.

आता दुसरी बाजू. 'किती गोड, किती गोड' म्हणणारेही मला फारसे भले वाटत नाहीत. पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आपल्याला कष्ट पडत नाहीत, उतरताना मात्र ते एकटं असतं. महाराष्ट्राने हे फार पूर्वीपासून केलं आहे. नारायण राजहंस नावाच्या मुलाचं गाणं ऐकून लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटलं. तो गंधर्व झालाच, पण 'बाल' काही म्हातारपणापर्यंत सुटलं नाही. नाटक कंपन्यांत अशी कितीतरी पोरं होती, ज्यांच्या गाण्यावर लोक जीव टाकायचे. मग बारा-चौदाव्या वर्षी आवाज फुटायचा, जवळजवळ एक सप्तक खाली यायचा, आणि काल ज्याला वन्समोअर मिळाला ते पोर आज पडद्यामागे सामान उचलायचं. शिवपुत्र कोमकली दहा-अकरा वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा आणि सभा डोक्यावर घ्यायची. त्याचं नशीब थोर की त्याला मुंबईत देवधर मास्तर भेटले. मास्तरांनी टाळ्या बाजूला ठेवून त्याला विद्यार्थी केलं. तोच पुढे कुमार गंधर्व म्हणून स्वतःचं गाणं गायला, ते त्या शांत वर्षांमुळे.

आणि निकाल देणाऱ्यांची जीभ किती लागू शकते, तेही आपण पाहिलं आहे. २००८ साली कोलकात्यात टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत परीक्षक टाकून बोलले, आणि त्यानंतर सोळा वर्षांच्या एका मुलीची वाचाच गेली, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. उपचारांसाठी तिला बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये न्यावं लागलं. त्या खुर्चीत निदान मानधन घेऊन बसलेली माणसं होती. आपण फुकट बसतो, आणि आपलं बोलणं पडद्यावरच्या पोरीला ऐकू जात नाही म्हणून निर्धास्त असतो. आपल्या पायाशी बसलेल्या पोरीला ते ऐकू जातं.

यावर आपल्याकडेच एक उपाय आहे, आणि तो शेकडो वर्षं जुना आहे. २०२४ मध्ये कलर्स मराठीवर 'इंद्रायणी' सुरू झाली, त्यातली छोटी इंदू कीर्तन करायची. ती मालिका बघताना मला माझ्या आजोळचा सप्ताह आठवायचा. आळंदीहून शिकून आलेलं दहा-अकरा वर्षांचं पोर कीर्तनाला उभं राहायचं. डोक्यावर फेटा, तो पुन्हा पुन्हा कपाळावर घसरायचा. आवाज उघडा, कच्चा, कधी वर फाटायचा. समोर पाचशे माणसं. पोराचा श्वास ओळीच्या मधे संपला की मागचे टाळकरी ती ओळ तिथल्या तिथे झेलायचे. टाळ जराही थांबायचा नाही. पोराला श्वास मिळायचा, ओळ पुरी व्हायची, आणि समोरच्या पाचशेतल्या एकालाही काही बिघडलं आहे असं वाटायचं नाही. कोणी 'बेसूर' म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही. कीर्तन संपलं की म्हातारी माणसंही त्या पोराच्या पाया पडायची. ऐकणाऱ्याचंही काही काम असतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

टीव्हीसमोर बसलो की आपण ते काम विसरतो. पाय वर घेतो आणि गुण वाटायला लागतो.

शनिवारी मी चिऊला म्हटलं, "तो अभंग म्हणून दाखव ना." ती म्हणाली, "मला नीट येत नाही, मावशी." गेल्या आठवड्यापर्यंत तिला तो येत होता. मी भांडी पुसता पुसता पहिली ओळ म्हटली. माझा आवाज भसाडा आहे, तो आणखी भसाडा लागला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या ओळीला मी शब्द विसरले आणि थांबले. स्वयंपाकघराच्या दारातून, माझ्याकडे न बघता, तिने तो शब्द सांगितला. नुसता सांगितला, गायली नाही.

तुमच्या घरी आमच्याकडची ती गुरुवारची मालिका लागत असेल, लागत नसेल. कुठल्या तरी मालिकेत कुठलं तरी पोर या आठवड्यात गाईलच. तेव्हा एवढंच करा : गाणं संपेपर्यंत काही बोलू नका. आणि तुमच्या पायाशी बसलेलं पोर बरोबरीने गुणगुणत असेल आणि मधेच अडखळलं, तर पुढची ओळ तुम्ही म्हणा.